तळ दिसणाऱ्या पाण्यात गळ टाकताना

बॉस्टन आणि त्याच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये नळाला येणारं पाणी बहुतेक ठिकाणी गाळलेलं नसतं. भारतातून आलेल्या आईवडिलांना हे सांगितलं, की ते आधी पेल्याकडे आणि मग सांगणाऱ्याकडे पाहतात. ओझोन आणि अतिनील किरणांनी ते पाणी निर्जंतुक केलेलं असतं, पण वाळूच्या थरांतून ते कधी जात नाही. कारण ते येतं तिथे मुळातच गाळण्यासारखं फार काही नसतं. शहराच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर, जंगलाने वेढलेल्या क्वॉबिन जलाशयात हे पाणी साठवलेलं आहे.

याच पिण्याच्या पाण्यात बास आणि ट्राउट पकडायला मॅसॅच्युसेट्स राज्य रीतसर परवानगी देतं. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथे भाड्याच्या होड्या मिळतात, काठावर बसायला ठरवून दिलेल्या जागा आहेत. तरीही तिथे पहिल्यांदा गेलेली बरीच मंडळी रिकाम्या हाताने परततात. गढूळ तळ्यावर किंवा खाडीच्या तोंडाशी गरवण्याची सवय असलेल्यांची फजिती तर जास्तच होते, कारण तिथे जे जमून जातं ते इथे जमत नाही. नितळ पाण्यात दोनच प्रश्न महत्त्वाचे ठरतात. मासा आत्ता किती तापमानाच्या पाण्यात आहे? आणि त्याला आपण दिसतो आहोत का? गळ, दोर, आमिष, वेळ यांची बाकी सगळी निवड या दोन उत्तरांवरून ठरते.

पाण्याखालचा गाव

क्वॉबिन हे नैसर्गिक सरोवर नाही. बॉस्टनची तहान भागवण्यासाठी स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात विन्झर धरण आणि गुडनफ बांध बांधले गेले. त्यासाठी डेना, एन्फिल्ड, ग्रिनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं एप्रिल १९३८मध्ये कायद्याने बरखास्त झाली. सुमारे अडीच हजार माणसं उठली आणि साडेसात हजारांच्या आसपास थडगी उकरून दुसरीकडे हलवली गेली. १९३९च्या ऑगस्टमध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि जलाशय पूर्ण भरायला १९४६ साल उजाडलं. आज त्यात ४१२ अब्ज गॅलन, म्हणजे जवळपास ५५ टीएमसी पाणी मावतं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची एकत्रित क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. लांबी २९ किलोमीटर, बेटांसकट किनारा सुमारे २९० किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी ४५ मीटरांहून अधिक पाणी.

गरवणाऱ्याला हा इतिहास माहीत असण्याचा थेट फायदा होतो. पाणी सोडण्याआधी खोऱ्यातली झाडं तोडली, घरं पाडली, पण दगडी कुंपणं, घरांचे पाये आणि रस्ते तसेच राहिले. तेव्हाच्या टेकड्यांचे माथे आज बेटं झाले आहेत, आणि जे माथे थोडक्यात बुडाले त्यांचे पाण्याखाली उंचवटे झाले आहेत. काही जुने डांबरी रस्ते जंगलातून येतात आणि सरळ पाण्यात उतरतात. बास माशाला असा कडेकपारीचा आसरा हवा असतो. उघड्या सपाट तळावर तो क्वचित थांबतो; दगडांची रांग, उतार अचानक तुटतो ती धार, बुडालेल्या टेकडीचा खांदा अशा जागी तो दबा धरून बसतो.

म्हणून जाण्याआधी जलाशयाचा खोलीदर्शक नकाशा मिळवावा. त्यावर समखोलीच्या रेषा जिथे एकमेकींजवळ आलेल्या दिसतात तिथे उतार तीव्र असतो. अशा उताराला लागून उथळ पाण्याचा पट्टा असेल, तर ती जागा पेन्सिलीने खुणावून ठेवावी. घरी बसून अशा पाच-सहा जागा हेरल्या, की होडीचा निम्मा दिवस वाया जाण्याचं वाचतं.

कोण कुठे राहतो

बास इथे दोन जातींचा आहे. स्मॉलमाउथ बास तपकिरी-कांस्य रंगाचा, अंगावर उभे गडद पट्टे असलेला. त्याच्या जबड्याचं टोक डोळ्याखालीच संपतं. लार्जमाउथ हिरवट, अंगावर आडवा काळसर पट्टा असलेला आणि त्याचा जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो. लार्जमाउथला शेवाळ, लव्हाळी आणि उबदार उथळ खाड्या आवडतात. क्वॉबिनच्या मोकळ्या, खडकाळ भागात राज्य आहे ते स्मॉलमाउथचं. गळाला लागला की तो पाण्याबाहेर उड्या मारतो, आणि त्यासाठीच लोक त्याच्या मागे असतात. क्रेफिश हे त्याचं लाडकं खाद्य. दगडांच्या फटीत राहणारा हा गोड्या पाण्यातला नांग्यांचा प्राणी जिथे दिसेल, तिथे स्मॉलमाउथ जवळपास असणार असं धरून चालावं.

ट्राउटमध्ये मुख्य मान लेक ट्राउटचा. गडद अंगावर फिकट ठिपके आणि खोल दुभंगलेलं शेपूट ही त्याची ओळख. १९५०च्या दशकात तो इथे आणून सोडण्यात आला आणि आता स्वतःच प्रजनन करतो. त्याला साधारण ८ ते १२ अंश सेल्सियसचं पाणी मानवतं. अंगावर गुलाबी पट्टा असलेला रेनबो ट्राउट आणि समुद्राकडे न जाता आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणारा सॅमनही इथे मिळतो. त्यांना लेक ट्राउटपेक्षा किंचित उबदार पाणी चालतं. पण पाणी २० अंशांच्या वर गेलं, की या सगळ्या घराण्याचा श्वास कोंडू लागतो. स्मॉलमाउथला मात्र तेच २० अंशांचं पाणी अगदी सुखाचं.

थोडक्यात, एकाच जलाशयात राहूनही उन्हाळ्यात बास आणि ट्राउट वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. एका फेरीत, एकाच दोरीवर दोघांनाही धरू असं म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा कोणीच लागत नाही. निघण्याआधी आज कोणाच्या मागे जायचं ते ठरवावं.

तापमापक हेच पहिलं हत्यार

पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. हिवाळ्यानंतर बर्फ वितळलं, की वरपासून खालपर्यंत सगळं पाणी जवळपास सारख्याच तापमानाचं होतं आणि वाऱ्याने ढवळून निघतं. मग ऊन तापू लागतं. वरचा थर उबदार आणि हलका होतो, खालचा थंड आणि जड राहतो, आणि दोघांच्या मध्ये एक पट्टा तयार होतो ज्यात दर मीटरला तापमान झपाट्याने उतरतं. क्वॉबिनसारख्या खोल जलाशयात भर उन्हाळ्यात हा पट्टा साधारण ८ ते १२ मीटर खोलीच्या आसपास सापडतो. होडीवर मासेशोधक यंत्र असेल आणि त्याची संवेदनशीलता वाढवली, तर पडद्यावर तो धूसर आडव्या रेषेसारखा दिसतो. यंत्र नसलं तरी अडत नाही. दोरीला दर मीटरवर गाठ मारून टोकाला तापमापक बांधावा, ठरलेल्या खोलीवर दोन मिनिटं धरावा आणि झटकन वर ओढावा. अमेरिकेतल्या उपकरणांवर फॅरनहाइट असतं. ५० म्हणजे १० सेल्सियस, ६८ म्हणजे २० सेल्सियस, एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुरतं.

इथे नितळपणाचा आणखी एक संबंध येतो. हिरव्या, शेवाळलेल्या तळ्यात मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं आणि उन्हाळ्यात खालच्या पाण्यातला प्राणवायू संपवतं. तिथे ट्राउटला वर उष्णता आणि खाली गुदमर, अशी दोन्हीकडून कोंडी होते. क्वॉबिनच्या पाण्यात पोषकद्रव्यं कमी, त्यामुळे शेवाळ कमी, कुजणं कमी. म्हणून तळाजवळच्या थंड पाण्यातही प्राणवायू टिकतो. लेक ट्राउट इथे तग धरून आहे तो यामुळे.

हंगामाचं गणित यावरून मांडता येतं. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेच्या सुरुवातीला पाणी सगळीकडे थंड असतं, तेव्हा लेक ट्राउट आणि सॅमन किनाऱ्याजवळ, अगदी वरच्या थरात येतात. फारसं सामान नसलेल्या नवख्याला ट्राउट मिळण्याची सर्वांत चांगली संधी हीच. मेच्या मध्यापासून पाणी १५ अंशांच्या पुढे सरकलं, की स्मॉलमाउथ दोन-चार मीटर खोलीवरच्या बारीक खडीत घरटी करतात. नितळ पाण्यात ती फिकट वर्तुळांसारखी स्पष्ट दिसतात, आणि मोह तिथेच होतो. घरट्यावर नर पहारा देत असतो. त्याला उचललं, की सनफिश आणि पर्च हे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. तेवढे आठवडे वर्तुळांवर गळ टाकू नये. त्यांच्या बाहेरच्या, थोड्या खोल उतारावर खाण्यासाठी फिरणारे बास असतातच.

जुलै-ऑगस्टमध्ये खेळ पूर्ण बदलतो. लेक ट्राउट १५ मीटरांच्या आणि कधी २५ मीटरांच्याही खाली उतरतात. स्मॉलमाउथ पहाटे आणि संध्याकाळी उथळ दगडांवर येतात आणि दिवसा पाच ते नऊ मीटरवरच्या बुडालेल्या उंचवट्यांवर राहतात. सप्टेंबरमध्ये वरचं पाणी निवू लागतं, तेव्हा बास हिवाळ्याच्या बेगमीसाठी जोरात खातात. झाडं रंग बदलत असतात आणि होड्यांची गर्दीही ओसरलेली असते. फक्त बासच हवा असेल, तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निवडावा.

आपण दिसू नये म्हणून

पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो आणि तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. मासा एक मीटर खोल असेल, तर त्याची खिडकी सुमारे सव्वादोन मीटर रुंदीची. खोल गेलेल्या माशाची खिडकी त्याच प्रमाणात मोठी होते. तळ्याकाठच्या, क्षितिजालगतच्या वस्तू खिडकीच्या कडेला चेपलेल्या, अंधूक दिसतात. उंच उभी राहिलेली वस्तू ठळक दिसते. होडीत उभं राहून हात हलवणारा माणूस गढूळ पाण्यात खपून जातो, इथे तो खपत नाही.

त्यावर उपाय साधे आहेत. होडीत बसून गळ फेकावा, काठावर असाल तर गुडघ्यावर बसावं किंवा मागे झाड-झुडूप राहील अशी जागा घ्यावी. कपडे आकाशाच्या किंवा झाडीच्या रंगाशी मिळतेजुळते असावेत. सावली माशाच्या अंगावर पडणार नाही अशी दिशा धरावी. फेक लांब हवी, वीस-पंचवीस मीटरची. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या होडीत डबा आपटला तर आवाज खालपर्यंत पोहोचतो. होडीच्या तळावर जुन्या सतरंजीचा तुकडा अंथरला तरी बराच फरक पडतो.

हवामान निवडतानाही हाच विचार. आरशासारखं स्थिर पाणी आणि लख्ख ऊन हे छायाचित्राला छान, गरवायला वाईट. हलक्या वाऱ्याने पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या, की माशाची खिडकी मोडते आणि तो धीट होतो. वारा ज्या किनाऱ्यावर येऊन थडकतो तिथे बारीक मासळीही ढकलली जाते, म्हणून त्याच बाजूला जावं. ढगाळ सकाळ मिळाली तर सोडू नये. उन्हाच्या दिवशी मात्र पहिले दोन तास आणि शेवटचे दोन तास एवढंच कामाचं असतं. मधल्या वेळेत खोल पाणी गाठावं किंवा डबा उघडून जेवून घ्यावं.

दोराच्या बाबतीत तडजोड करू नये. कोकणात गरवताना वापरला जाणारा नायलॉनचा तंगूस पाण्यात चमकतो, कारण त्याचा वक्रीभवनांक पाण्यापेक्षा बराच जास्त असतो. फ्लुओरोकार्बनचा १.४२च्या आसपास असतो, पाण्याचा १.३३, दोन्ही जवळ असल्यामुळे तो पाण्यात कमी दिसतो, शिवाय नायलॉनपेक्षा जड असल्याने लवकर बुडतो. रिळावर बारीक विणलेला दोर घ्यावा आणि पुढे दोन-अडीच मीटर फ्लुओरोकार्बन जोडावा. स्मॉलमाउथसाठी ६ ते ८ पौंड ताकदीचा पुरेसा आहे. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी; कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि नेमक्या मोठ्या माशाला तुटते. रिळाचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणावर सुटेल असा ठेवावा. बारीक दोराने मोठा मासा आणायचा तो जोराने नाही, सोडत-ओढत.

आमिषं: थोडी पण योग्य

दुकानातल्या रंगीबेरंगी भिंतीसमोर उभं राहिलं, की नवख्याचा खिसा हलका होतो. सुरुवातीला सुमारे दोन मीटरची मध्यम-हलकी काठी, २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ आणि मोजकी आमिषं पुरेत.

स्मॉलमाउथसाठी पहिलं आमिष म्हणजे तपकिरी किंवा शेवाळी हिरव्या रंगाची मऊ रबरी नळी, जिला तिथे ट्यूब म्हणतात. ती तळाला टेकू द्यावी, काठी किंचित उचलावी, पुन्हा टेकू द्यावी. दगडांवरून सरकणारा क्रेफिश डोळ्यांसमोर आणून हात चालवला की झालं. दुसरी मांडणी ड्रॉपशॉट. तिच्यात वजन दोराच्या टोकाला असतं आणि गळ त्याच्या तीस-चाळीस सेंटिमीटर वर. वजन तळावर स्थिर राहतं आणि वर छोटा रबरी मासा जागच्या जागी थरथरतो. उंचवट्यावर बास आहेत पण तोंड लावत नाहीत, अशा वेळी हीच मांडणी कामी येते. तिसरं, पहाटेसाठी पृष्ठभागावर फिरणारं आमिष. ते टाकल्यावर पाण्यातली वर्तुळं विरेपर्यंत थांबावं, मग हलकासा झटका द्यावा. बासने झेप घेतलेली दिसली तरी काठी लगेच ओढू नये. दोरावर वजन जाणवल्यावरच ओढावी, नाहीतर आमिष त्याच्या तोंडातून निसटून येतं.

रंगाविषयी एक गोष्ट. पाण्यात शिरताना लाल रंग सर्वांत आधी विरतो आणि निळा-हिरवा सर्वांत खोल जातो. पंधरा मीटरवर लालभडक आमिष काळपट दिसतं. खोलात पांढरा, चंदेरी किंवा निळसर रंग वापरावा. उथळात, जिथे मासा आमिष नीट निरखतो, तिथे आजूबाजूच्या दगडांचेच रंग बरे.

लेक ट्राउटसाठी वसंतात होडी हळू चालवत मागे चंदेरी चमचा किंवा मासोळीच्या आकाराचं आमिष ओढत न्यावं. वेग ताशी दोन ते तीन किलोमीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाचा. सॅमनला याहून थोडा जास्त वेग आवडतो. नितळ पाणी असल्याने आमिष होडीपासून बरंच लांब, तीस मीटरांच्या पुढे सोडावं. उन्हाळ्यात मात्र ते खोल न्यावं लागतं. त्यासाठी डाउनरिगर वापरतात. तारेला टांगलेलं जड वजन ठरावीक खोलीवर सोडलेलं असतं, दोर त्याला चिमट्याने अडकवलेला असतो आणि मासा लागताच चिमटा सुटतो. हे महागडं साधन नसेल, तर होडी थांबवून २५ ते ४० ग्रॅमचं पांढरं जिग, म्हणजे वजन जडवलेला गळ, तळापर्यंत सरळ सोडावं, मीटरभर उचलावं आणि ताणात ठेवून पडू द्यावं. लेक ट्राउट बहुतेक वेळा ते पडतानाच घेतो.

पिण्याच्या पाण्याचे नियम

क्वॉबिनवर मासेमारी ही सवलत आहे आणि तिच्या अटी कडक आहेत. पंधरा वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला राज्याचा गोड्या पाण्यातला मासेमारी परवाना लागतो. तो मासवाइल्डलाइफ या विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. वार्षिक परवाना काढला त्या दिवसापासून वर्षभर नाही, तर ३१ डिसेंबरपर्यंतच चालतो. पाहुण्यांसाठी तीन दिवसांचाही परवाना असतो.

पाण्यात पोहणं, पाय बुडवून उभं राहणं, कुत्रा आणणं या सगळ्याला बंदी आहे. मुलांना हे आदल्या दिवशीच समजावून सांगावं, कारण उन्हाळ्यात त्या निळ्या पाण्याकडे बघून त्यांना थोपवणं कठीण असतं. प्रेस्कॉट द्वीपकल्प आणि धरणाजवळचा भाग बंद आहे. जलाशयाभोवतीच्या प्रवेशद्वारांना क्रमांक आहेत. होड्या फक्त तीन ठिकाणांहून पाण्यात जातात. पेलमजवळचं ८ क्रमांकाचं, न्यू सेलममधलं ३१ क्रमांकाचं आणि हार्डविकमधलं ४३ क्रमांकाचं द्वार.

स्वतःची होडी असणाऱ्यांसाठी नियम आणखी बारकाईचे आहेत. २००९मध्ये राज्याच्या पश्चिम भागातल्या लॉरेल लेकमध्ये झेब्रा शिंपला सापडला. हा नखाएवढा परका शिंपला होडीच्या ओलाव्यातून प्रवास करतो आणि एकदा शिरला की नळ, झडपा आणि खडक व्यापून टाकतो. तेव्हापासून बाहेरची होडी तपासून, गरम पाण्याने धुऊन किंवा हिवाळाभर कोरडी ठेवून, सरकारी सील लावल्याशिवाय क्वॉबिनमध्ये उतरवता येत नाही. सील तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. कयाक आणि कनू मुख्य जलाशयात चालत नाहीत, नियंत्रण बंधाऱ्यांच्या वरच्या छोट्या भागांतच चालतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी भाड्याची होडी घेणं हेच शहाणपणाचं.

शिशाची वजनं घरीच ठेवावीत. लून नावाचा पाणपक्षी तळातले खडे गिळतो. त्याबरोबर शिशाचं वजन पोटात गेलं, तर विषबाधेने मरतो. म्हणून क्वॉबिनवर शिशाच्या वजनांना मनाई आहे आणि २०१२पासून राज्यातल्या सगळ्याच गोड्या पाण्यांत एका औंसापेक्षा हलकी शिशाची वजनं आणि जिग बंद आहेत. टंगस्टन, पोलाद किंवा कथलाची वजनं दुकानात सहज मिळतात.

आकार आणि संख्येची मर्यादाही पाळावी लागते. बास किमान १२ इंचांचा हवा आणि दिवसाला पाचच. लेक ट्राउट किमान १८ इंचांचा आणि दोनच. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका बघून घ्यावी. मोजपट्टी सोबत असू द्यावी. वनाधिकारी अंदाज ऐकून घेत नाहीत.

सोडायचा की शिजवायचा

नितळ, थंड पाण्यात मासे सावकाश वाढतात. मोठा लेक ट्राउट वीस-पंचवीस वर्षांचाही असू शकतो. त्यामुळे बरेच जण धरलेला मासा सोडून देतात. सोडायचा तर नीट सोडावा. हात ओले करून मग मासा धरावा, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं रोगांपासूनचं संरक्षण आहे. बासला खालच्या ओठाला धरता येतं. ट्राउटला हातजाळीतच, पाण्यात ठेवून मोकळा करावा. कल्ल्यांत बोट घालू नये. गळाचा काटा आधीच पकडीने दाबून सपाट केला, तर काम काही सेकंदांत होतं.

खोल पाण्यातून माशाला वर काढताना बास आणि ट्राउटमध्ये मोठा फरक आहे. ट्राउटच्या वायुपिशवीची नळी अन्ननलिकेला जोडलेली असते, त्यामुळे वर येताना तो हवा सोडून देऊ शकतो. पृष्ठभागावर बुडबुडे दिसतात ते त्याचेच. बासला ही सोय नाही. दहा मीटर किंवा त्याहून खोलातून ओढलेल्या बासची पिशवी फुगते आणि सोडला तरी तो पोट वर करून तरंगत राहतो. शरद ऋतूत बास खोलात जमा झालेले दिसले, तर त्यांच्यावर गळ टाकू नये. तिथे धरून सोडण्याचा खेळ करू नये.

खाण्याबाबतही सावधगिरी हवी. इतकं शुद्ध पाणी असूनही मोठ्या माशांत पारा साठलेला असतो. कोळशाच्या धुरातून आणि इतर मार्गांनी हवेत गेलेला पारा पावसाबरोबर दूरच्या जंगलातही उतरतो आणि लहान माशातून मोठ्यात साठत जातो. पाणी प्यायला निर्धोक असतं. प्रश्न असतो तो वर्षानुवर्षं मासे खाऊन वाढलेल्या शिकारी माशाचा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या सूचनेनुसार गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी आणि बारा वर्षांखालच्या मुलांनी क्वॉबिनचे बहुतेक मासे टाळावेत, इतरांनीही बास खाणं टाळावं. रवा लावून तव्यावर टाकायचाच असेल, तर मर्यादेत बसणारा लहान लेक ट्राउट घ्यावा आणि मोठा पाण्यातच राहू द्यावा.

होडी नसेल तर

काठावरून गरवायला एप्रिल-मे आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जंगलातल्या पायवाटेने दोन-तीन किलोमीटर चालायची तयारी असली, की गर्दी मागे राहते. जुना रस्ता पाण्यात शिरतो तिथून किंवा एखाद्या टोकाशी, जिथे दोन पावलांत पाणी खोल होतं, तिथून लांब फेक करावी.

ट्राउटचा आणखी एक दरवाजा बेल्चरटाउनमध्ये आहे. विन्झर धरणातून स्विफ्ट नदीत सोडलं जाणारं पाणी खोल, थंड थरातलं असतं, त्यामुळे भर ऑगस्टमध्येही खालच्या नदीत ट्राउट मजेत असतात. धरणापासून नऊ क्रमांकाच्या महामार्गापर्यंतच्या पट्ट्यात फक्त फ्लाय पद्धतीने गरवता येतं आणि मासा सोडावाच लागतो. पाणी काचेसारखं, मासे डोळ्यांना दिसणारे आणि आमिषांना पुरते सरावलेले. अगदी बारीक दोर आणि तांदळाच्या दाण्याएवढी कृत्रिम माशी लावूनही ते तोंड फिरवतात. नितळ पाण्यातलं गरवणं शिकायला याहून कडक शाळा त्या भागात नाही, आणि तिथे होडीचा खर्चही नाही.

शेवटी सुरक्षिततेचं. एप्रिल-मेमध्ये ऊन कितीही असलं, तरी पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात अचानक पडलेल्या माणसाला पहिल्याच क्षणी धाप लागते, तोंडात पाणी जातं आणि पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. जलाशय लांबलचक आहे, दुपारनंतर वारा उठला की लाटा उंच होतात आणि जंगलात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते. तरंगजाकीट होडीच्या तळाशी ठेवू नये, अंगात घालावं, आणि मुलांच्या मापाचं आधी तपासून घ्यावं. परवाना, नकाशा आणि चालू वर्षाची नियमपुस्तिका मार्चमध्येच जमवून ठेवावी. हंगाम उघडतो त्या पहिल्या शनिवार-रविवारी होड्यांसाठी उजाडण्याआधीच रांग लागते.